असोद्याला अम्मी आधी जेवली

जळगावातून असोद्याला जायचे म्हणजे आधी रेल्वेचे रूळ ओलांडायचे. शहर मागे पडले की सहा-सात किलोमीटरचा रस्ता उरतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, केळीचे बाग आणि मधूनमधून भाजीपाल्याचे मळे. महाराष्ट्राला हे गाव दोन कारणांनी माहीत आहे. एक बहिणाबाई चौधरी. १८८० साली त्यांचा जन्म येथल्या महाजनांच्या घरात झाला. दुसरे कारण खाण्याचे. थंडी पडली की जळगाव-भुसावळकडे कोणी नुसते 'भरीत' म्हटले, तरी ऐकणारा विचारतो, "असोद्याचं का?"

या दुसऱ्या कारणासाठी मागच्या डिसेंबरात आम्ही घरची सत्तावीस माणसे असोद्याला गेलो होतो. अकरा बायका, नऊ पुरुष आणि सात मुले. एका घरगुती खानावळीची मागची शेड दुपारपुरती आमच्यासाठी राखून ठेवली होती. हल्ली अशी खासगी जेवणे आपल्या घरांतूनही वाढू लागली आहेत. कोणी ढाबा ठरवतो, कोणी शेतातली शेड, कोणी हॉटेलातला वरचा हॉल. म्हणून हा अनुभव आणि त्यातून मनात आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वांगे असोद्याचे, नाव जगाचे

आधी वांग्याविषयी. भरिताचे हे वांगे बाजारातल्या जांभळ्या वांग्यासारखे नसते. रंग फिकट हिरवा, त्यावर पांढऱ्या रेषा, आकाराने मोठे, आत बी कमी आणि गर भरपूर. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते चांगले येते. असोदा, भादली, बामणोद ही त्याची नावाजलेली गावे. २०१६ मध्ये 'जळगावचे भरीत वांगे' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव लावून दुसऱ्या भागातले वांगे विकता येत नाही.

हंगाम थंडीचा. चातुर्मासात आपले हिंदू शेजारी वांगे वर्ज्य करतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यांच्या घरी वांगे पुन्हा सुरू होते. तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत खान्देशात भरिताची धामधूम असते.

'दावतीत वांगे?' असे म्हणणाऱ्यांसाठी थोडी जुनी हकीकत सांगतो. वांगे मूळचे आपल्या मुलखातले. येथून ते इराणात गेले, तेथे त्याला बादिंजान म्हणू लागले. अरबांनी तोच शब्द घेतला. अरबांबरोबर तो स्पेन-पोर्तुगालला पोहोचला आणि पोर्तुगीजांच्या तोंडून 'ब्रिंजल' होऊन पुन्हा हिंदुस्थानात परत आला. नवव्या शतकात बगदादचे खलिफा मामून यांची बेगम बूरान हिच्या नावावरून वांग्याचा एक पदार्थ प्रसिद्ध झाला. 'बुरानी' हे नाव तेथूनच आले. शाम आणि लेबनॉनकडे बाबा गनूश करतात, तेही विस्तवावर भाजलेल्या वांग्याचेच. तुर्कस्तानात भरल्या वांग्याच्या एका पदार्थाचे नावच 'इमाम बेहोश झाले' अशा अर्थाचे आहे. तेव्हा वांगे दस्तरख्वानावर परके नाही. ते येथूनच निघून सगळ्या मुस्लिम मुलखात फिरून आले आहे.

भरीत पार्टी म्हणजे काय?

खान्देशात भरीत हे मुळात एकट्याने खायचे जेवण नव्हे. पाव किलोच्या भरितासाठी कोणी पऱ्हाट्या पेटवत नाही. शेतात दहा-वीस माणसे जमली की वांगी तोडायची, तेथेच भाजायची, तेथेच ठेचायची आणि झाडाखाली बसून खायची, अशी जुनी रीत. लेवा पाटील शेतकऱ्यांनी ती जपली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. शिक्षकांची भरीत पार्टी असते, बँकवाल्यांची असते, माजी विद्यार्थ्यांची असते. पुण्या-मुंबईला गेलेली मुले थंडीत सुट्टी काढून येतात ती यासाठीच.

ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी भरीत सेंटरे निघाली. काही ठिकाणी नुसते किलोवर भरीत मिळते, डबा घेऊन जायचे आणि भरून आणायचे. काही ठिकाणी बसून खाण्याची सोय असते. आम्ही गेलो ते ठिकाण असेच. पुढे राहते घर, पडवीत चार टेबले, मागे मळ्याच्या कडेला पत्र्याची शेड. शेडीत सतरंज्या. एका अंगाला चूल आणि उघड्यावर भाजण्याची जागा. बाहेर मोठी पाटी नाही. विचारत विचारत यावे लागते.

चारचौघांपासून थोडे बाजूला, आपल्याच माणसांत बसून जेवायची इच्छा जुनीच आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत वर किंवा मागे 'फॅमिली रूम' असायची, ती बायका-मुलांना निवांत बसता यावे म्हणूनच. हैदराबादच्या बारकसमध्ये निजामाच्या काळात आलेल्या अरबांची वस्ती आहे. तेथल्या मंदीच्या हॉटेलांत गालिच्यावर बसून एकाच मोठ्या ताटातून घरची मंडळी जेवतात. दाऊदी बोहरा बंधूंकडे एका थाळाभोवती आठ जण बसतात आणि चिमूटभर मीठ जिभेला लावून जेवण सुरू करतात. असोद्याची शेड साधी, पण तिच्यामागची गरज हीच.

घरातली दावत आणि स्वयंपाकघरातल्या बायका

आता आम्ही का गेलो ते सांगायला हवे.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. दादा कापूस पिंजत, गाद्या भरत. आता पिंजण्याचा धंदा राहिला नाही. मुले नोकऱ्यांत आहेत, दुकानांत आहेत, दोघे पुण्याला आहेत. पण वर्षातून एकदा थंडीत सगळे एकत्र जमायचे ही अब्बांची शिकवण. जमायचे ते नेहमी थोरल्या घरी. अम्मी आणि घरच्या सुना आदल्या रात्रीपासून तयारीला लागत. पहाटे देग चढे. दुपारी दस्तरख्वान अंथरला जाई. आधी पुरुष, मग मुले, मग पाहुण्या बायका, आणि शेवटी साडेतीन-चारला घरच्या बायका. तोवर बिर्याणीत तळचे तांदूळ उरलेले असत, सालनात रस्सा. अम्मी तर पुष्कळदा उभ्या उभ्या दोन घास खाई आणि म्हणे, "माझं पोट वासानंच भरलं."

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यावर हसतही आलो. आमच्याच घरी नव्हे, आपल्या बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येते. ज्या घरात पाहुण्यांचे स्वागत चांगले होते, त्या घराची तारीफ होते. ते स्वागत ज्यांच्या हातून होते त्या बायका कधी जेवल्या, हे कोणी विचारत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भाभीने विषय काढला. ती म्हणाली, "या वेळी असोद्याला भरीत खाऊ या. घरी काही करायचंच नाही."

बडे अब्बांना हे पटले नाही. त्यांच्या दोन हरकती होत्या. पहिली, गोश्त नाही तर दावत कसली? दुसरी जरा खोल होती. ते म्हणाले, "घरात एवढ्या सुना असताना आपण बाहेर जेवायला गेलो, तर लोक काय म्हणतील? घरची मेजबानी घरीच झाली पाहिजे. विकतच्या जेवणात बरकत नसते."

पहिल्या हरकतीचे उत्तर फुफीने दिले. "भाईजान, बकरी ईदला पंधरा दिवस गोश्त खाता. एक दिवस वांगं खाल्ल्यानं काही होत नाही." दुसऱ्या हरकतीवर मात्र कोणी चटकन बोलले नाही. ती खोटी नव्हती. घरच्या हाताच्या जेवणाला एक किंमत असतेच. प्रश्न एवढाच होता की ती किंमत दर वेळी कोणी मोजायची?

शेवटी अम्मी म्हणाली, "मी असोद्याला कधी गेलेच नाही." जळगावात पन्नास वर्षे काढलेल्या बाईने हे म्हटले. त्यानंतर बडे अब्बांनी वाद घातला नाही.

फोनवरची बोलणी

खानावळीच्या मालकांना फोन केला. आमच्या घरच्या मुलींना एक शंका होती. आपण इतक्या बुरखेवाल्या बायका एकदम जाणार, गावात कसे वाटेल? मालकांनी विचारले ते वेगळेच होते. "मोठी माणसं किती, लहान किती? तिखट किती चालतं? पुऱ्या पाहिजेत का कळण्याच्या भाकरी? कांदा-लसूण खाता ना सगळे?" शेवटचा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारतात, कारण त्यांच्याकडे न खाणारीही मंडळी येतात.

आम्ही एक विनंती केली. बायकांना नकाब काढून मोकळेपणी जेवता यावे म्हणून शेडीत आडपडदा करता येईल का? ते म्हणाले, "ताडपत्री बांधून देऊ. मागच्या महिन्यात एका साखरपुड्याला बांधली होती." आणि दुपारच्या नमाजसाठी स्वच्छ जागा? "शेडीच्या मागं बोअरचं पाणी आहे, वजू तिथं करा. नवी सतरंजी काढून ठेवतो." बोलणी संपली. हिशेब साधा निघाला. मोठ्या माणसाला पाव किलो भरीत, मुलांसाठी मिळून एक किलो, असे सहा किलो. भरिताचा दर किलोवर, भाकरी-पुरीचा नगावर, शेडीचे भाडे वेगळे नाही.

पऱ्हाट्यांचा जाळ

आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो तेव्हा भाजणे सुरू व्हायचे होते. मुलांना ते दाखवायचे म्हणून मालक थांबले होते.

कपाशीचे पीक निघाले की शेतात वाळलेल्या काड्या उभ्या राहतात. त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. जमिनीवर पऱ्हाट्यांचा थर घातला, त्यावर वांगी मांडली, वर पुन्हा पऱ्हाट्या रचल्या आणि पेटवले. गॅसवर वांगे एका बाजूने करपते आणि दुसऱ्या बाजूने कच्चे राहते. या जाळात ते चहूबाजूंनी एकदम भाजते आणि धुराचा वास थेट गरात उतरतो. जाळ बघत उभे असलेले बडे अब्बा म्हणाले, "अब्बा याच कपाशीचा कापूस पिंजायचे. काड्यांचंही काही होतं, हे आम्हाला कुठं माहीत होतं!" सकाळपासूनचे त्यांचे ते पहिलेच मोकळे बोलणे होते.

वांगी काळी पडून मऊ झाली की काठीने बाहेर ओढतात. देठाला धरून साल काढतात, पण पाण्याखाली धरीत नाहीत, नाहीतर चव जाते. मग बडगी येते. बडगी म्हणजे लाकडी खोल भांडे. तिच्यात आधी हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचतात, नंतर वांग्याचा गर घालून लाकडी मुसळीने ठेचत राहतात. मिक्सरमध्ये गराचे पाणी होते, बडगीत त्याचे तंतू राहतात. शेवटी तेलाची फोडणी. त्यात जिरे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. गरम मसाला नाही, टोमॅटो नाही.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळले की कळणा होतो. आमच्या घरी चार भाग ज्वारीला एक भाग उडीद घेतात. भाकरी जरा काळसर आणि चिवट होते, भरिताला तीच शोभते. पुऱ्या मुलांसाठी होत्या. कांदा, मुळा, काकडी, मिरचीचा ठेचा आणि ताक. सगळे शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्न उद्भवत नाही आणि विचारावेही लागत नाही. खान्देशात हिंदू आणि मुसलमान एका पंगतीला सहज बसतात ती जेवणे मोजली, तर त्यांत भरीत पहिले असेल. त्याला बहुधा हेच कारण असावे.

पहिली पंगत

जोहरची नमाज झाली. पाने मांडली गेली. सवयीने पुरुष सतरंजीकडे निघाले. धाकटी भाभी म्हणाली, "आज पहिल्यांदा आम्ही." कोणी काही बोलले नाही. पुरुष मुलांना घेऊन मळ्यात फिरायला गेले.

ताडपत्रीच्या अलीकडे अकराही बायका एकदम बसल्या. फुफीला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, तिच्यासाठी मालकांनी घरातून खुर्ची आणि स्टूल आणून दिले. पण अम्मी जागेवर नव्हती. ती चुलीपाशी उभी होती. तेथे दोन बायका भाकरी थापत होत्या. अम्मीने बाह्या वर सारल्या आणि पिठाला हात घातला. त्यांतली एक म्हणाली, "चाची, तुमी बसा. आज तुमाले काईच करनं नाई."

अम्मी बसली. तिच्या पानात पहिल्या काइलीतले भरीत पडले, तव्यावरून उतरलेली भाकरी आली. आमच्यातल्या एकीने नंतर सांगितले की अम्मी पाच मिनिटे काहीच बोलली नाही, नुसती जेवत होती. मग तिने आणखी भरीत मागितले. स्वतःहून. हे आम्ही कोणी कधी ऐकले नव्हते. "थोडं अजून दे ग," असे म्हणायची सवय असलेली माणसे आमच्या घरात पुष्कळ आहेत, अम्मी त्यांतली नव्हती. "माझं पोट वासानंच भरलं" हे वाक्य त्या दिवशी आले नाही.

पडद्याचा उपयोग आम्हाला तेव्हा कळला. पडदा केवळ नजर अडवण्यासाठी नव्हता. त्याच्या आत या बायकांना कोणी हाक मारीत नव्हते. पाणी आण, ठेचा संपला, मुलाला धर, असे काही नाही. पाऊण तास सलग बसून जेवणे, बोलणे, हसणे. खासगी जागेसाठी आपण पैसे मोजतो ते या पाऊण तासाचे.

आणि त्या दोघी?

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. जेवता जेवता अम्मीनेच चुलीकडे बघत विचारले, "तुम्ही दोघी कधी जेवणार?"

"तुमचं समद्यांचं झालं का मंग," उत्तर आले.

हे ऐकून आमच्या बायका जरा गप्प झाल्या. आमच्या अकरा जणी बसल्या म्हणून त्या दोघी धुरात उभ्या होत्या. दर दावतीत अम्मी जेथे असते, तेथेच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण बुखारीत नोंदवलेली आहे. तिचा आशय असा, की तुमच्यासाठी जेवण करून आणणाऱ्या नोकराला सोबत बसवा, आणि बसवता आले नाही तर त्यातले एक-दोन घास तरी त्याच्या हातात ठेवा, कारण त्या जेवणाची धग त्याने सोसली आहे. या शिकवणीत दिलेले कारण नीट पाहावे. नाते, दर्जा, धर्म, यांतले काही सांगितलेले नाही. ज्याने धग सोसली त्याचा जेवणावर हक्क, एवढेच. मग ती चुलीपुढची मजूर बाई असो की घरची अम्मी.

आम्ही मालकांशी बोललो. त्यांनी लपवाछपवी केली नाही. बायका रोजंदारीवर आहेत, जेवण येथलेच, वेळ साधारण तीनची. पण त्या दिवशी चारला दुसरी पार्टी होती, त्यामुळे तीनला उसंत मिळेलच असे नव्हते. शेवटी असे ठरले की आमच्या पुरुषांच्या पंगतीसाठी भाकरी आधीच थापून ठेवायच्या, त्या थोड्या गार चालतील, आणि मधल्या वेळात दोघींनी जेवून घ्यायचे. एक जण बसली. आमच्या मुलींनी तिला वाढले. दुसरी म्हणाली, "चूल इझली तं पुन्हा पेटवा लागते," आणि ती बसली नाही. तिने भाकरीवर भरीत घेऊन चुलीपाशीच खाल्ले. आमच्या एका दुपारने तिचा दिवस बदलला नाही, हे खरेच आहे. निघताना अम्मीने दोघींच्या हातात काही रक्कम वेगळी दिली. तेवढेच आमच्या हातात होते.

पुरुषांची पंगत अडीचला बसली. भाकरी कोमट होती, मुळा संपला होता. बडे अब्बांनी ते लक्षात आणून दिले. "पोरींनी ठेचा सगळा संपवला," ते म्हणाले. फुफीने पलीकडून उत्तर दिले, "भाईजान, चाळीस वर्षं आम्ही हेच म्हणत होतो, पण मनात." ताडपत्रीच्या दोन्ही बाजूंनी हसू आले. बडे अब्बाही हसले, आणि त्यांनी कोमट भाकरीची तिसरी चतकोर उचलली.

एकत्र की वेगवेगळे?

विकतच्या जेवणात बरकत नसते, या बडे अब्बांच्या म्हणण्यावर येताना गाडीत चर्चा झाली. सूरह नूरमध्ये जेवणाविषयी एक आयत आहे. आंधळा, लंगडा, आजारी यांच्यावर दोष नाही, आईवडील, भाऊ-बहिणी, चुलते, आत्या, मामा, मावश्या आणि मित्र यांच्या घरी जेवण्यात दोष नाही, आणि तुम्ही सगळे मिळून जेवा किंवा वेगवेगळे जेवा त्यातही दोष नाही, असा तिचा आशय. या आयतीत सवलत किती मोठी आहे! जेवणाची जागा आणि पंगतीची रीत यांवरून कोणाला अवघडवू नये, असे आम्ही त्यातून घेतले. फुफी खुर्चीवर बसून जेवली, बायका पडद्याआड जेवल्या, मुले मळ्यात पळत पळत पुऱ्या खात होती. सगळी एकाच दावतीत होती. बरकत ठिकाणावर ठरत नसावी. कोणी उपाशी, कोणी अवघडलेले राहिले नाही, यावर ठरत असावी.

परतताना गावात थोडे थांबलो. बहिणाबाईंचे गाव बघायचे होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे गेल्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना, चुलीपुढे बसून त्यांनी गाणी रचली. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती जपली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आमच्या एका भाचीने विचारले, "त्या इतकं बोलल्या ते कोणी त्यांच्या हयातीत ऐकलं का?" घरातल्यांनी ऐकले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकले. महाराष्ट्राने मात्र नंतर. चुलीपुढच्या बाईचे ऐकायला आपण उशीर करतो, हे असोद्याला आल्यावर जास्त जाणवते.

जाणाऱ्यांसाठी थोडे

कोणाला असा बेत करायचा असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

दोन दिवस आधी फोन करावा. रविवारी गर्दी असते, जमल्यास मधला वार धरावा. मोठी माणसे आणि मुले वेगवेगळी मोजून सांगावीत, म्हणजे अन्न वाया जात नाही. तिखटाचे आधी बोलून घ्यावे, कारण असोद्याची मिरची पाहुण्यांची गय करीत नाही. लहान मुलांसाठी वरण-भात सांगून ठेवावा. स्वच्छतागृह कसे आहे, वयस्कांना खुर्ची मिळेल का, नमाजला जागा आणि वजूला पाणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. विचारल्याने कोणी नाराज होत नाही, उलट समोरच्याला तयारी करता येते. पडदा हवा असेल तर घरून दोन चादरी आणि दोरी न्यावी. ज्या दिवशी आपण जाऊ त्या दिवशी दुसरी पार्टी कधी आहे ते विचारावे, आणि आपली वेळ अशी घ्यावी की चुलीपुढच्या माणसांना मध्ये जेवायला सवड राहील. आणि पहिल्या पंगतीला कोण बसणार, हे घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. तेथे गेल्यावर जुनी सवय जिंकते.

माघ सरता सरता ऊन चढते, वांग्यात बी धरते आणि असोद्याच्या शेडी ओस पडू लागतात. आमच्याकडे मग रमजान आला. ईदच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या घरी नेहमीप्रमाणे सगळे जमले. देग चढली, बिर्याणी झाली, सगळे घरीच. फक्त दस्तरख्वान अंथरताना बडे अब्बा पडवीतून म्हणाले, "आधी बायकांना बसवा. आम्ही वाढतो." वाढताना मुलांनी रायता सांडला आणि सालनाचे पातेले चुकीच्या पळीने ढवळले. अम्मी तीनदा उठली. तिन्ही वेळा कोणीतरी तिला खाली बसवले.